पाढे विसरणारी मुले

दारूचे दुष्परिणाम सांगण्यासाठी आपल्या वस्तीत वक्ता बोलावण्याची गरज नाही. पगार गुत्त्यावर जातो, भांडी गहाण पडतात, बाईच्या अंगावर वळ उठतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. परंतु दारूचा एक घाव असा आहे की तो ज्याला होतो, त्याने दारूचा थेंबही ओठाला लावलेला नसतो. हा घाव आईच्या पोटातल्या बाळाला होतो.

वैद्यकशास्त्रात त्याला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ म्हणतात. गरोदर बाईने घेतलेली दारू तिच्या रक्तातून, वारेमधून बाळाच्या रक्तात उतरते. बाळाचे यकृत कच्चे असते, त्याला ती पचविता येत नाही. मेंदू तर नऊही महिने घडत असतो, म्हणून तो अधिक दुखावतो. फ्रान्समधील नान्त शहरात डॉ. पॉल लेम्वान यांनी १९६८ साली अशा मुलांची नोंद केली. १९७३ साली अमेरिकेत सिॲटल येथील डॉ. केनेथ जोन्स व डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी या विकाराला नाव दिले. काही मुलांचे डोळे बारीक, वरचा ओठ पातळ आणि नाकाखालची खाच सपाट असते. पण पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. म्हणूनच शाळेत ती ‘मठ्ठ’, ‘आळशी’, ‘खोटारडी’ ठरतात.

मी एका कार्यालयात लिपिक आहे. संध्याकाळी आम्ही काही जणी विहारात मुलांची अभ्यासिका चालवितो. तेथे चौथीतला एक मुलगा येतो. बोलण्यात चुणचुणीत. सोमवारी सातचा पाढा घडाघडा म्हणतो आणि मंगळवारी ‘सात दुणे’ला अडतो. ‘वही काढ, तारीख टाक, धडा वाच’ असे एका दमात सांगितले की वही काढून नुसता बसून राहतो. त्याला हाच विकार आहे असे मी म्हणणार नाही, ते ठरविणे डॉक्टरांचे काम. परंतु डॉक्टरांचे नाव काढताच त्याची आई गप्प झाली. दोन दिवसांनी एकटीच आली.

“ताई, तिथं मागचं सगळं विचारतील ना? वीटभट्टीवर होते तेव्हा रात्री अंग ठणकायचं. सगळ्याच बाया घोटभर घ्यायच्या. पोटात लेकरू आहे हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. आता घरात कळलं तर मलाच खातील.”

मी म्हटले, “अगं, विचारतील. खरं ते सांग. लाजेपायी लपवलंस तर नुकसान पोराचंच होईल.”

ती गेली. तपासणी अजून चालू आहे.

अशा आईला बोल लावणे सोपे असते. दक्षिण आफ्रिकेतील वेस्टर्न केप प्रांतात द्राक्षमळ्यांचे गोरे मालक कित्येक पिढ्या मजुरांना मजुरीचा एक भाग म्हणून वाइन देत. या पद्धतीला तिकडे ‘डॉप’ म्हणत. कायद्याने ती बंद झाली, तरी लागलेली सवय मागे राहिली. जगात या विकाराचे जे सर्वाधिक प्रमाण नोंदले गेले आहे, त्यात त्याच मजुरांच्या वस्त्या आहेत. दारू दर वेळी हौसेने प्यायली जात नाही. कष्ट विसरण्यासाठी ती गरिबाच्या हातात दिली जाते. पाचवे शील आपण स्वतःच्या संयमासाठी घेतो. एखाद्या माउलीच्या पाठीत घालण्याची ती काठी नव्हे.

हा विकार बरा होत नाही, परंतु लवकर ओळखला आणि शिकविण्याची रीत बदलली तर मूल पुढे जाते. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती त्याच शब्दांत पुन्हा सांगावी. पहिल्या बाकावर, गोंगाटापासून दूर बसवावे. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. हिशेब खऱ्या नाण्यांनी, पाढे मण्यांनी शिकवावेत. काल आलेले आज विसरले तर न रागावता पुन्हा शिकवावे. वेळापत्रक बदलणार असेल तर आधी सांगावे. शिक्षेचा उपयोग होत नाही, कारण काल काय केले आणि आज मार का बसला, यांची सांगड त्याला घालता येत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींस मनाई आहे.

पालकांनी हेही ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीत व सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते आणि गरजू मुलांना पुढील तपासणीसाठी पाठविले जाते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्या यादीत या विकाराचे नाव नाही, परंतु त्यातून येणारी बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्या नावाने प्रमाणपत्र मिळू शकते. अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक ठरल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांचीही तरतूद कायद्यात आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

भगिनींनो, गरोदरपणात थोडी चालते का, असे कुणी विचारले तर ‘नाही’ म्हणून सांगा. देशी, ताडी, बीअर, कोणतीच नाही. कोणत्याही महिन्यात नाही. आधी घेतली गेली असेल तर घाबरून लपवू नका. थांबाल त्या दिवसापासून बाळाचा फायदाच आहे. रोजची सवय असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडा. आणि बंधूंनो, घरात बाटली असताना बाईने एकटीने कसे थांबावे? ते नऊ महिने तरी बाटली उंबऱ्याच्या आत आणू नका.