तोट्यातला शेअर का विकवत नाही

शंभर रुपयांच्या नफ्याने माणूस जितका सुखावतो, त्याहून शंभर रुपयांचा तोटा त्याला कितीतरी जास्त बोचतो. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रॉस्पेक्ट सिद्धांतातला हा कळीचा मुद्दा. नवख्या ट्रेडरचे बरेचसे वागणे त्यातून उलगडते. दोनशेला घेतलेला शेअर दोनशे वीसवर गेला की तो घाईने विकतो. एकशे साठवर आला तर मात्र ‘खरेदीभाव तरी येऊ दे’ म्हणत धरून बसतो. बाजाराला त्याचा खरेदीभाव ठाऊकही नसतो! विकले नाही तोवर तोटा कागदावरच, ही समजूत धीर देते. विकले की चूक कबूल करावी लागते, आणि खरी अडचण पैशापेक्षा तीच असावी. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या सवयीला ‘डिस्पोझिशन इफेक्ट’ म्हटले. पडत्या भावात आणखी खरेदी करून सरासरी उतरवणे, ही तिचीच पुढची पायरी.

अतिआत्मविश्वासही महाग पडतो. आपण जिंकूच, असे वाटणाऱ्याने हा आकडा पाहावा: बाजार नियामक सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्स (एफ अँड ओ) व्यवहारांतले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात आढळले.

तोटा धरून बसण्याच्या सवयीवरचा परिचित उपाय स्टॉपलॉस: विक्रीचा भाव डोके शांत असताना, सौद्याआधीच ठरवायचा. पण भाव तिथवर घसरू लागला की तो आकडा हळूच आणखी खाली सरकवला जातो.