अंतराचे देणे
वडील गेल्यानंतर त्यांच्यावर लिहायला बसलो, तेव्हा धाकट्या भावाने फोनवर सांगितलेले वडील मला ओळखू येईनात. मी जन्मभर त्यांच्याजवळ. तो वीस वर्षे परदेशी. त्याची आठवण चुकीची, असे मी सरळ धरून चाललो.

त्याच सुमारास रशियाच्या ‘रेडिओअ‍ॅस्ट्रॉन’विषयी वाचले. २०११ साली अवकाशात गेलेल्या या दुर्बिणीची तबकडी अवघी १० मीटरची. आपल्या खोडदच्या ४५ मीटरच्या तबकडीपुढे लहानच. पण ती पृथ्वीपासून सुमारे साडेतीन लाख किलोमीटरपर्यंत दूर जाई. त्याच वेळी तोच स्रोत जमिनीवरच्या दुर्बिणीही पाहत आणि अणुघड्याळांच्या आधारे साऱ्या नोंदी जुळवल्या जात. दोन दुर्बिणींतले अंतर जितके अधिक, तितका तपशील सूक्ष्म. एकटीला तिला हे साधले नसते. या अंतराची किंमतही असते : बारकावे हाती लागतात, विस्तीर्ण, फिकट पसारा मात्र निसटतो. त्यासाठी जवळजवळच्या तबकड्याच लागतात.

दर दोन वर्षांनी येणाऱ्या भावाला वडिलांच्या हाताचा वाढता कंप दिसला होता. रोज त्या हातून चहा घेणाऱ्या मला तो दिसलाच नाही. माझ्यापाशी होता तो त्यांच्या साध्या दिवसांचा पसारा.

२०१९ च्या जानेवारीत त्या दुर्बिणीशी संपर्क तुटला. साठलेल्या नोंदींतून चित्रे मात्र पुढेही निघत राहिली.

हल्ली भावाचे सांगणे मी लिहून घेतो. प्रत्येक आठवणीची तारीख आधी विचारतो.