जोंगाचे तेल

‘जोंगा’ हे नाव ऐकून पुष्कळांना ते जपानी किंवा आफ्रिकेतले वाटते. ते जबलपूरचे आहे. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडली की जोंगा होते. गाडीचा आराखडा मात्र जपानचा, निसान पेट्रोलचा. जबलपूरची व्हेईकल फॅक्टरी १९६९ साली सुरू झाली. तिथे शक्तिमान ट्रकबरोबर ही गाडी बनत असे आणि जवळजवळ तीस वर्षे ती सैन्यात होती. सहा सिलिंडरचे, ३९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन. ज्यांचे वडील किंवा आजोबा सैन्यात होते त्यांनी ती जुन्या फोटोंत पाहिली असेल. बाकीच्यांना ती २०१९ मध्ये धोनीने घेतल्यावर कळली. मी त्याच्या आधीपासून जोंगावाला आहे, पण आमच्या डॉर्ममध्ये हे कोणी मान्य करत नाही.

माझे आजोळ जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात आहे. आजोबा व्हेईकल फॅक्टरीत नोकरीला होते आणि निवृत्त होण्याआधीच त्यांनी सैन्याच्या लिलावातली एक जोंगा घेतली होती. आमच्या गल्लीत ती शिरते, पण वळत नाही. बाहेर काढायची तर रिव्हर्समध्येच, आणि मागे कोणीतरी हात दाखवायला उभे राहावे लागते. लहानपणापासून ते काम माझे.

गेल्या वर्षी साखरेमुळे आजोबांचा एक डोळा अधू झाला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असे बजावले. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा मामाने गिऱ्हाईक ठरवले होते. नागपूरचे गृहस्थ, जुन्या गाड्यांचे शौकीन. रविवारी येणार, किंमत फोनवर ठरलेली. गुरुवारी सकाळी आजोबा म्हणाले, “तो येण्याआधी चारही तेलं बदलायची.”

मामा म्हणाला, “अहो, विकायच्या गाडीत नवं तेल कशाला?”

“गाडी चालू आहे ना? वहीत तारीख होऊन गेलीय.”

त्यावर बोलणे संपले.

चार तेले म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल. इंजिन ऑइलची काळजी सगळे घेतात, कारण त्याला डिपस्टिक असते आणि डॅशबोर्डवर दाबाचा काटा असतो. या चार ठिकाणी तसे काही नाही. तेल संपले तरी गाडी काही सांगत नाही. सांगते तेव्हा दात गेलेले असतात.

आजोबांचे गुडघे आता गाडीखाली जाऊ देत नाहीत. ते स्टुलावर बसले आणि मी खाली. जोंगा इतकी उंच आहे की जॅक न लावता आत सरकता येते. चाकांना विटा लावल्या. त्याआधी मामाने गाडी दहाएक किलोमीटर फिरवून आणली होती, कारण थंड गिअर ऑइल काकवीसारखे असते, नीट गळत नाही आणि बारीक कचरा तळाशीच ठेवते.

पहिली आज्ञा: “आधी वरचा प्लग. खालचा नंतर.” आमच्या ड्रिल उस्तादांपेक्षा आवाज बारीक, पण शब्द तितकेच मोजके. खालचा उघडून तेल सोडून दिले आणि मग वरचा जाम निघाला तर नवे तेल भरणार कुठून? गाडी जागेवरच अडकली. हे ऐकून घ्यायला मला बरे वाटले, कारण मागच्या डिफरन्शियलचा वरचा प्लग खरोखरच जाम होता. शेजारच्या गॅरेजवाल्या भैय्यांनी पान्याला दीड हात लांब पाइप लावला, “जोर मत लगा, वजन डाल,” म्हणाले, तेव्हा तो कट्ट असा आवाज करून सुटला.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधून काळपट तपकिरी तेल आले. आजोबांकडे जुन्या स्पीकरचे चुंबक आहे. ते परातीत फिरवायचे. त्याला काजळासारखा करडा लेप चिकटला. तो बोटांत चोळून पाहायचा, मऊ लागला तर काळजी नाही, ती रोजची झीज. पुढचा डिफरन्शियल तर जवळजवळ स्वच्छ. मागचा प्लग काढला आणि परातीत दुधाचा चहा ओतावा तसे काहीतरी आले.

तेलात पाणी. ऑगस्टमध्ये गौर नदीकडच्या रपट्यावर पाणी असताना मामाने गाडी तशीच घातली होती. धावून तापलेला अ‍ॅक्सल एकदम थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि तो श्वास ओढतो. त्यासाठी वर ब्रीदर नावाची बारीक नळी असते. आमचा चिखलाने बुजलेला होता, म्हणून श्वास ऑइल सीलमधून ओढला गेला, पाण्यासकट. सैन्यातल्या गाड्या नदी ओलांडल्यावर हे प्लग उघडून का तपासतात, हे मला त्या दिवशी पटले.

मी चुंबक फिरवले. लेपाबरोबर नखाच्या कातरणीएवढे लोखंडाचे दोन कपचे आले. आजोबांनी ते तळहातावर घेतले, चांगला डोळा जवळ नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हे क्राउन-पिनियनचे किंवा बेअरिंगचे. खोलल्याशिवाय कळणार नव्हते, आणि खोलायला रविवारपर्यंत वेळ नव्हता.

तेल आणायला मी गेलो. दुकानदार चारही ठिकाणी जीएल-५ टाका म्हणत होता, नवे आहे, भारी आहे. आजोबांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते: डिफरन्शियलला जीएल-५, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला जीएल-४. डिफरन्शियलमध्ये पिनियन क्राउनच्या मध्याच्या खाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. तिथे दाब भयंकर. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची जास्त द्रव्ये असतात, ती पोलादावर पातळ थर धरतात आणि दात वाचवतात. डबा उघडला की वासच सांगतो. पण गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात, आणि त्यांना हेच औषध खाऊ शकते. भारी ते सगळीकडे भारी नसते, हे दुकानदाराला समजावण्याच्या फंदात मी पडलो नाही. चिठ्ठी पुढे केली.

भरायला आजोबांची पितळी पिचकारी होती, होळीचीच. वरच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरायचे, हीच डिपस्टिक. मागच्यात आधी थोडे भरून गाडी पाच किलोमीटर फिरवली, ते काढले, ब्रीदर साफ केला आणि पुन्हा नवे भरले. दुसऱ्या वेळी पांढरेपणा नव्हता. जुने तेल कॅनमध्ये भरून ठेवले. मामाला ते ओमती नाल्यात जाऊ द्यायला हरकत वाटत नव्हती, आजोबांना होती.

शनिवारी रात्री मामा म्हणाला, “आता तेल नवं आहे, आवाजही नाही. तो विचारणार नाही.” आजोबांनी उत्तर दिले नाही.

रविवारी नागपूरचे गृहस्थ आले, त्यांनी बॉनेट उघडून इंजिन ऐकले आणि खूश झाले. तेव्हा आजोबांनी खिशातून औषधाची काचेची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. त्यात ते दुधाळ तेल आणि दोन कपचे होते. “मागचा डिफरन्शियल खोलून घ्या. इथून चालवत नेऊ नका. कुरईच्या घाटात दात गेला तर अवघड आहे.” गृहस्थांनी बाटली उजेडात फिरवून पाहिली. मग पंचवीस हजार कमी केले आणि ट्रकचे भाडे वेगळे वळते केले. मामा संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलला नाही.

गाडीबरोबर वहीही गेली. २००१ पासूनच्या सगळ्या नोंदी आजोबांच्या अक्षरात, शेवटची माझ्या.

ट्रक हमरस्त्यावर उभा होता. तिथपर्यंत गाडी मामाने काढली, मी मागे उभा राहून हात दाखवले. ती गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा आजोबा दारात आले आणि त्यांनी विचारले, “मागून घूं-घूं आवाज येतोय का रे?”

मी कान देऊन ऐकले. “नाही आजोबा.”

“पिचकारी धुऊन ठेव,” ते म्हणाले आणि आत गेले.