बोटीवरची अंघोळ

हॉस्टेलवर सकाळी सहाला बादली घेऊन लाईनीत उभं राहिलं की मला हमखास दादाची बोट आठवते. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. बर्मिंगहॅमला कॅनॉलवरच्या बोटीत राहतो. 2023च्या डिसेंबरात मी आठ दिवस त्याच्याकडे होतो. बोट कसली, रेल्वेचा डबाच! रुंदी जेमतेम सात फूट, कारण तिथली लॉक्स अठराव्या शतकात तेवढीच अरुंद बांधलीत.

पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, गिझर कुठंय?"

"इंजिन चालू कर."

मला वाटलं, खेचतोय. पण खरंच तसं असतं. इंजिन थंड ठेवणारं गरम पाणी टाकीतल्या कॉइलमधून फिरतं आणि टाकी तापते. तास-दीड तास बोट चालवली की अंघोळ फुकट! फक्त रात्री आठ ते सकाळी आठ, शेजारी बोटी असताना, उभ्या बोटीचं इंजिन चालवायचं नाही.

मग मी (मेकॅनिकलवाला ना!) म्हणालो, बॅटरीवर रॉड लावू. दादाने कागद पुढे सरकवला. 50 लिटर पाणी 10 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 2.9 युनिट लागतात. 12 व्होल्ट, 110 अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीत असतात 1.3, त्यातले निम्मेच वापरायचे. गप्प बसलो. रॉड चालतो तो धक्क्यावरची वीज जोडली तरच.

राहिली कोळशाची शेगडी. तिच्या पाठीला पाण्याची पेटी. आजीच्या तांब्याच्या बंबाची इंग्रज बहीणच म्हणा ना!

तिसऱ्या रात्री शेगडी धुमसत होती, तरी मला थंडी वाजत होती. भिंतीतल्या जाळीतून गार वारा यायचा. मी तिच्यात टॉवेल कोंबला आणि झोपलो.

अडीच वाजता अलार्म किंचाळला. दादाने दार उघडलं आणि मला अक्षरशः ओढत काठावर नेलं. हवा कमी पडली की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही. 2019 पासून तिथे राहत्या बोटीत हा अलार्म सक्तीचा आहे, म्हणून आज हे लिहितोय. दादा पायजम्यावर कुडकुडत उभा होता. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आईला सांगू नकोस हं."

आत्याला अजून सांगितलेलं नाही.

आमच्या घरी बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. वरचा झरोका थंडीत पुठ्ठा लावून बंद असायचा. परत आल्यावर बॅग ठेवली आणि आधी तो पुठ्ठा काढला. गार वारा येतो म्हणून आई अजून चिडते.