कुशीवर की बसून?

गेल्या वर्षी माझ्या भाच्याचा उजवा खांदा तिसऱ्यांदा निखळला. पहिल्यांदा कबड्डीत, दुसऱ्यांदा पोहताना आणि तिसऱ्यांदा चक्क झोपेत, डोक्यावर हात टाकून कूस बदलताना. मग मात्र ताईनं ऑपरेशनला होकार दिला.

आमच्या बडोद्यात खांदा निखळला की घरातल्या जुन्या माणसांना हमखास प्रा. माणिकरावांचा आखाडा आठवतो. हाड बसवून घ्यायला तिथे लोक येत. पण बसवलेला खांदा जागेवर राहीलच असं नाही. खांद्याची उखळ फार उथळ, वाटी नव्हे, बशीच म्हणा ना. तिच्या काठाला कूर्चेची एक कड असते, ती चेंडूला आत धरून ठेवते. खांदा पुढे निखळताना ही कड पुढच्या-खालच्या बाजूनं फाटते, हे लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्ये मांडलं. आज ती दुर्बिणीनं परत शिवतात.

मी भूलतज्ज्ञ, त्यामुळे घरचे सगळे प्रश्न माझ्याकडे. टाके किती, कॉलेज किती बुडणार, वगैरे. भाच्यानं मात्र विचारलं, "मावशी, मला झोपवणार कसं? खांद्याच्या मागून पण दुर्बीण घालतात ना?"

हे सहसा कुणी विचारत नाही.

पद्धती दोन. एकीत रुग्णाला आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसवतात. सर्जनला खांदा नेहमीसारखा उभा दिसतो, आणि गरज पडली तर छेद घेऊन ऑपरेशन करणंही सोपं जातं. पण डोकं हृदयाच्या वर असतं. दंडावरचा पट्टा दाखवतो तो दंडातला रक्तदाब. मेंदू त्याच्यापेक्षा २० सेंटिमीटर वर असेल, तर तिथला दाब सुमारे १५ अंकांनी कमी. पडद्यावरचा आकडा बघून निर्धास्त राहिलं तर घात होऊ शकतो. म्हणून घरात कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर ते भूलतज्ज्ञाला आठवणीनं सांगा.

दुसरी पद्धत कुशीवरची. चांगला खांदा खाली आणि दुखरा हात वजन लावून वर ताणलेला. सांध्यात जागा होते, उखळीची खालची आणि मागची बाजू छान दिसते, म्हणून निखळणाऱ्या खांद्यासाठी पुष्कळ सर्जन हीच पसंत करतात. धोका ताणाचा. वजन साधारण ४-५ किलोच, पण फार ताणलं किंवा फार वेळ ताणलं तर हाताच्या नसा दुखावतात. दोन्हींत निर्विवाद श्रेष्ठ असं काही नाही. सर्जनचा हात जिथे बसलेला, तिथे काम चांगलं होतं, असं माझं मत.

भाच्याला कुशीवर घ्यायचं ठरलं. घरच्या माणसाला आम्ही शक्यतो स्वतः भूल देत नाही, म्हणून मी नुसती बाजूला उभी होते. पंधरा मिनिटं तरी त्याला नीट ठेवण्यातच गेली. काखेच्या थोडं खाली, छातीशी गुंडाळी, म्हणजे खालच्या हाताच्या नसा दबत नाहीत. मान सरळ. खालचा कान दुमडलेला नाही ना, डोळे मिटून पट्टी लावली ना. गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि खालच्या पायाच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला मऊ गादी, कारण तिथे एक नस अगदी कातडीखाली असते. ती दबली तर पाऊल लुळं पडतं. खांद्याच्या ऑपरेशनमध्ये पाऊल!

घाई झाली की पहिली काट याच पंधरा मिनिटांना बसते. बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला, आत कुणीतरी घड्याळ बघतंय. एरवी हाताला मुंग्या आल्या की आपण झोपेतही कूस बदलतो. भूल दिलेला माणूस तास-दीड तास तसाच राहतो, कण्हतसुद्धा नाही. त्याच्या मुंग्या दुसऱ्या कुणीतरी ओळखायच्या असतात.

त्या दिवशी सगळं लावून झाल्यावर तिथल्या टेक्निशियनदादांनी भाच्याच्या खालच्या हाताची नाडी पुन्हा एकदा चाचपली, आणि मगच सर्जनना म्हणाले, "हं, आता करा सुरू."