आंधळगावचा कोसा आणि शरदातली प्रदर्शने

दसरा सरला की मुंबई-पुण्याच्या कलादालनांच्या याद्या फिरू लागतात. या शरदात काय पाहावे, कोठे आधी जावे, कोणत्या वारी गर्दी कमी असते, असा सगळा तपशील त्यांत असतो. बहुतेक याद्या शहरातल्या माणसाने शहरातल्या माणसासाठी केलेल्या असतात. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात आंधळगाव हे कोशाचे कापड विणणारे गाव आहे. तिथून निघालेल्या माणसाने कोणते प्रदर्शन पाहावे आणि तिथे गेल्यावर त्याला नेमके काय दिसेल, हा प्रश्न त्या याद्यांत येत नाही. हा धागा त्या प्रश्नाचा आहे. लांब आहे, सावकाश वाचावा.

काही वर्षांपूर्वीच्या एका शरदातली गोष्ट. आंधळगावचे एक विणकर, वय साठीच्या पुढे, नागपुरात शिकणाऱ्या आपल्या मुलीसोबत जुन्या वस्त्रांचे एक प्रदर्शन पाहायला गेले. मुलीनेच हट्ट धरला होता. दालनात थंडगार हवा, मंद उजेड, काचेच्या पेट्या. तिसऱ्या की चौथ्या पेटीपाशी बाबा थांबले ते हललेच नाहीत. आत कोशाची एक साडी उलगडून ठेवली होती. अंग मधाच्या रंगाचे, काठ तांबडा, आणि काठाच्या आतल्या कडेला करवतीचे दाते. खाली पाटी होती: टसर साडी, भंडारा जिल्हा, विसावे शतक.

"बाबा, काय पाहून राहिले एवढं?" मुलीने विचारले.

"उलटी बाजू पाहायची होती," ते म्हणाले.

उलटी बाजू का, हे समजायला त्या काठाची घडण ठाऊक असावी लागते. या साडीला करवतकाठी म्हणतात; आज तिला भौगोलिक मानांकनही आहे. साडीचे अंग कोशाचे आणि काठ बहुधा सुताचा असतो. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालतात. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जिथे भेटतात, तिथे ते दर फेरीला एकमेकांत अडकवावे लागतात. ही अडकवणी एक-एक धागा पुढे सरकवत नेली आणि मग मागे आणली, की करवतीच्या दातासारखे टोक उठते. रामटेकच्या देवळाच्या शिखरावरून ही कल्पना आली असे विणकर सांगतात. ते खरे असो वा नसो, सुलट बाजूने सगळे दाते सारखे दिसतात. उलट बाजूला मात्र गाठ कशी घेतली, धागा कोठे तुटला, कोठे जोडला, हे सारे उघडे पडते. अक्षरावरून माणूस ओळखावा तसा जाणत्या डोळ्याला उलट बाजूवरून हात ओळखता येतो.

आणि बाबांना शंका आली होती, की हा हात आपल्या वडिलांचा असावा.

इथे जरा मागे जाणे भाग आहे. कारण काचेमागचे कापड आणि काचेपुढचा विणकर यांच्यातले हे अंतर दीडशे वर्षांहून जुने आहे आणि त्याची एक शाखा थेट नागपुरातून निघते.

मध्य प्रांत १८६१ साली स्थापन झाला. त्याचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांना प्रदर्शनांची मोठी हौस होती. १८६३ साली नागपुरात संग्रहालय सुरू झाले; लोक त्याला आजही अजब बंगला म्हणतात. त्यानंतर डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमाल यांचे मोठे प्रदर्शन भरले. मुंबईहून येणारी आगगाडी तेव्हा नागपूरला पोचलीही नव्हती; ती १८६७ साली आली. म्हणजे प्रांताच्या कानाकोपऱ्यातून माल आला तो बैलगाडीने. प्रदर्शनाचा हेतू लपवलेला नव्हता. कोणत्या जिल्ह्यात काय पिकते, काय विणले जाते, त्याचा भाव काय आणि ते कोठवर विकता येईल, याची ती मोजदाद होती. प्रदर्शन म्हणजे प्रशासनाने मांडलेला प्रांताचा ताळेबंद. त्यात कापडाला जागा होती. विणणाऱ्याला बक्षीस मिळाले तर तेवढ्यापुरती.

पुढच्याच वर्षी, १८६६ साली, लंडनमध्ये याहून चमत्कारिक काम झाले. इंडिया ऑफिसमधले जॉन फोर्ब्ज वॉटसन यांनी भारतीय कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून त्यांचे २० संच तयार केले. नमुने म्हणजे चित्रे नव्हेत, खरे कापड. लुगडी, पागोटी, शेले कापून केलेले तुकडे. १३ संच ब्रिटनमध्ये वाटले गेले आणि ७ भारतात. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला हिंदुस्थानात न जाता कळावे, की इथला माणूस किती पन्ह्याचे, कोणत्या काठाचे, किती वजनाचे वस्त्र नेसतो. पूर्ण लुगडे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही, हे वॉटसन यांना चांगले कळत होते. नेसण्याच्या पद्धतींवर त्यांनी वेगळे पुस्तकच लिहिले. तरीही शेवटी कात्री चाललीच. संग्रहाच्या इतिहासात इतके समजूतदार आणि इतके निर्दय काम क्वचित सापडते.

कोशाची गोष्ट सुतापेक्षा थोडी निराळी. ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर वाढणारा हा किडा घरात पाळता येत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात धिवर समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तो राखत आली. शरदात, म्हणजे शहरात प्रदर्शनांच्या याद्या निघतात त्याच दिवसांत, ही माणसे पाखरे आणि मुंग्या यांपासून किडे वाचवीत झाडाखाली मुक्काम करून असतात. कोष टणक, देठाचा, लहानशा अंड्याएवढा. तो खाराच्या पाण्यात उकळायचा आणि मग धागा काढायचा. कोशाच्या पट्ट्यात हा धागा बायका मांडीवर वळून काढीत आल्या. चार-पाच कोषांचे तंतू एकत्र घेऊन उघड्या मांडीवर तळहाताने वळ द्यायचा, दिवसभर, वर्षानुवर्षे. त्या कातडीचे काय होते ते सांगायला नको. अलीकडे सरकारने ही रीत थांबवण्यासाठी लहान यंत्रे दिली, हे बरेच झाले. पण जुन्या साडीखालच्या कोणत्याही पाटीवर धागा काढणारीचा उल्लेख असेल, अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. विणकराचे नाव नाही म्हणून हळहळणारेही तिला विसरतात.

ह्या रेशमाचा इंग्लंडमधला मोठा भक्त म्हणजे लीक गावचा रंगारी थॉमस वॉर्डल. टसरवर रंग नीट चढत नाही ही युरोपातली जुनी तक्रार होती. वॉर्डलने ती बऱ्याच प्रयोगांनंतर सोडवली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात रंगवलेले टसर मांडले. १८८१ साली त्याने भारतातल्या रानटी रेशमांवर पुस्तिका लिहिली. १८८६ च्या लंडनमधल्या वसाहती आणि हिंदुस्थान प्रदर्शनात रेशमाचा विभाग त्याच्याकडेच होता. ते प्रदर्शन ५५ लाखांहून अधिक लोकांनी पाहिले.

त्याच प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागीर लोकांसमोर बसून काम करीत. ते कोठून आणले होते? त्यांतले बरेच जण आग्र्याच्या तुरुंगात काम शिकलेले कैदी होते. व्हिक्टोरिया राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांतल्या काहींची चित्रे काढून घेतली. ती ऑसबोर्न हाउसमध्ये आहेत. म्हणजे कारागिराला दालनात जागा मिळाली ती स्वतःच एक प्रदर्शनीय वस्तू झाल्यावर. कापडाला काच होती, त्याला तीही नव्हती.

याचा अर्थ प्रदर्शने पाहूच नयेत असा कोणी घेऊ नये. उलट, आंधळगावकराने ती आवर्जून पाहावीत. भंडारा रोडहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली तर सकाळी मुंबईत उतरता येते आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून काळा घोडा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे १९५२ साली उघडलेली जहांगीर कलादालनाची इमारत आहे. आत जायला तिकीट नाही, ही तिची सर्वांत मोठी देणगी. प्रदर्शने मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात, आणि बरेचदा चित्रकार स्वतः चित्राशेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला नाव विचारावे लागत नाही. ते चित्राखाली असते, पत्रिकेवर असते, भिंतीवर असते. विणकराने ही गोष्ट नीट पाहून घ्यावी. रस्त्यापलीकडे सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जहांगीरला लागूनच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथले वस्त्रांचे दालन घाईने पाहू नये.

आणि वेळ उरला तर भायखळ्याला जावे. राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ही या साऱ्या गोष्टीतली एक मुळाशी जाणारी जागा आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा करताना त्यांच्या जोडप्रती इथे ठेवल्या गेल्या, आणि त्यांतून या संग्रहालयाची सुरुवात झाली. आजची इमारत १८७२ साली लोकांना खुली झाली. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट हे नाव जाऊन १९७५ साली, हे संग्रहालय व्हावे म्हणून झटलेल्या डॉक्टरांचे नाव आले. तिथे मातीच्या छोट्या पुतळ्यांत इथल्या जातीजमाती आणि धंदे मांडलेले आहेत. माणसाचे धंद्यात आणि धंद्याचे खेळण्यात रूपांतर कसे होते, ते तिथे डोळ्यांनी दिसते. काम मात्र सुरेख आहे, हेही कबूल करावे लागते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले नाही असेही नव्हे. १९८० च्या दशकात मार्तंड सिंह यांच्या पुढाकाराने झालेल्या विश्वकर्मा प्रदर्शनमालेने हातमागाकडे उपयोगी मालाऐवजी कलाकृती म्हणून पाहायला शिकवले. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन झाला. २०२० साली अखिल भारतीय हातमाग मंडळ मात्र बरखास्त झाले. गौरव वाढत गेला आणि विणकराला बोलायला असलेली एक औपचारिक जागा गेली. दोन्ही गोष्टी पाच वर्षांच्या आत घडल्या.

परत नागपूरच्या त्या दालनात. बाबा काचेला इतके टेकले की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. पहारेकऱ्याने मागे व्हायला सांगितले. ते निमूट मागे झाले, पण निघाले नाहीत. वडील नागपूरच्या एका व्यापाऱ्याला साड्या देत आणि वळणावरचा दाता ते नेहमी एक धागा आधी मोडत, एवढे बाबांनी मुलीला सांगितले. आजोबांना त्यासाठी व्यापाऱ्याची बोलणीही खावी लागली होती. काचेतल्या साडीच्या डाव्या टोकाला तसा एक दाता दिसत होता. पण एका दात्यावरून काय ठरणार? तसे मोडणारे दुसरेही कोणी असेल. उलट बाजूला गाठ कोणत्या हाताला घेतली आहे ते दिसले असते, तर निश्चित सांगता आले असते.

मुलीने टेबलापाशी चौकशी केली. साडी कोणाकडून घेतली याची नोंद आहे, कोणी विणली याची नाही, असे उत्तर आले. उत्तर देणाऱ्या बाई सौजन्याने बोलत होत्या. नोंदवहीत तसा रकानाच नव्हता, याला त्या तरी काय करणार? प्रदर्शन संपल्यावर वस्त्रे कोठारात जातील. अभ्यासासाठी पाहायचे असल्यास लेखी अर्ज करावा, दिवस कळवला जाईल, असे त्यांनी सांगितले.

अर्ज बाहेरच्या पायरीवर बसून लिहिला गेला. मुलीने मजकूर लिहिला, बाबांनी सही केली. अर्जदाराची संस्था या ओळीपाशी दोघे थोडा वेळ थांबले. मुलीने आपल्या महाविद्यालयाचे नाव घालू का म्हणून विचारले. बाबांनी मान हलवली आणि तिच्याकडून पेन घेऊन स्वतःच्या अक्षरात आंधळगाव, तालुका मोहाडी असे लिहिले.

अर्ज घेताना बाईंनी कार्तिकातली एक तारीख सुचवली. मागावर लग्नाच्या दोन साड्या चढलेल्या होत्या. ताणा अर्धा सोडून येणे जमणार नव्हते. तुळशीचे लग्न झाल्यावर आलो तर चालेल का, असे बाबांनी विचारले. पाहू, असे उत्तर मिळाले. भंडाऱ्याची बस सुटायला अजून अर्धा तास होता, म्हणून ते पुन्हा एकदा आत गेले.