शिडीचा पाय

वाचकहो, शिडीवर लिहिण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. उभी करायची, चढायचे, उतरायचे, गोठ्यामागे टेकवून ठेवायची. मीही तसेच समजत होतो. पण आमच्या घरात एका शिडीने एका माणसाचा पाय घेतला आणि दुसऱ्याच्या मनाला बारा वर्षांच्या वयातच खोच पाडून ठेवली. तो दुसरा म्हणजे मी.

गोष्ट १९७९ सालची. वैशाख सरत आला होता. पावसाआधी कौले चाळायची म्हणून आण्णांनी बांबूची शिडी पडवीला लावली. मला म्हणाले, "धर रं जरा. हलू नगंस." मी धरली. तेवढ्यात रस्त्याने बँड वाजत वरात आली. मी म्हटले, एवढे बघून येतो. कोपऱ्यापर्यंत गेलो असेन-नसेन, मागे धप्पकन आवाज झाला. आईची किंकाळी अजून कानात आहे.

मांडीचे हाड मोडले होते. त्या साली पेरणी चुलत्यांनी केली. आण्णा पुढे काठीशिवाय कधी चालले नाहीत. मला मात्र ते शेवटपर्यंत एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, असे पुष्कळदा वाटते.

हे सगळे परवा पुन्हा वर आले, ते भाच्यामुळे. आमचे उचगाव पुणे-बंगळूर महामार्गालगत. पुण्याहून गोव्याकडे निघालेला भाचा बायको आणि पाच वर्षांच्या लेकीला घेऊन वाटेत उतरला. जीपच्या टपावर पेटीसारखे काही बांधले होते. ते उलगडले तर आत तंबू! निम्मा टपावर, निम्मा बाहेर अधांतरी.

"मामा, आज रात्री तुमच्या रानातच मुक्काम."

आमची मंडळी म्हणाली, "घर असताना वर कशाला झोपायचं रं बाबा?" पण पोरीने हट्ट धरला होता.

भाच्याने शिडी काढली. ॲल्युमिनियमची, रेडिओच्या एरियलसारखी एकात एक सरकणारी. प्रत्येक पायरी जागेवर आली की टक् आवाज होतो आणि दोन्ही बाजूंची कळ अडकते. त्याने झरझर ओढली आणि उसाच्या कडेला टेकवली. म्हणाला, "झालं."

मी म्हटले, "थांब. झालं की न्हाई ते बघूया."

आदल्या दिवशीच उसाला पाणी दिले होते. शिडीचा एक पाय वरंब्यावर, एक सरीत. ओल्या काळ्या रानात माणसाचा पाय रुततो, तिथे शिडीचा का रुतणार नाही? आणि या तंबूचे तर असे, की बाहेर आलेल्या निम्म्या भागाला आधार त्या शिडीचाच. रात्रीत पाय खचला तर आतली माणसे तंबूसकट कलायची. मी जीप गोठ्यासमोरच्या कठीण, सपाट जागेवर घ्यायला लावली. तिथे वर नारळ नाही आणि विजेची तारही नाही, हे आधी बघितले. ॲल्युमिनियम आणि ओला बांबू, दोन्हींतून वीज उतरते. मग हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावले आणि शिडीच्या दोन्ही पायांखाली मिळून एक जाड फळी घातली. फळीच्या बाहेरच्या कडेला आडवी पट्टी ठोकली, म्हणजे पाय मागे सरकणार नाहीत.

मग कळा बोटाने एकेक चाचपल्या. एक अर्धवटच अडकली होती. तीवर वजन पडले असते तर शिडी मिटून बोटे पायऱ्यांत चेचली असती. तंबूची जमीन बाहेरच्या अंगाला वर उचललेली दिसली, म्हणून एक पायरी आत घेतली. ती सपाट झाली, तेव्हाच चढायला परवानगी दिली.

भाचा हसून म्हणाला, "मामा, तुम्ही हे कुठे शिकलात?"

मी काय सांगणार? शिकलो ते पडवीखाली.

मोठा झाल्यावर मला उमगले, की आण्णा केवळ माझ्यामुळे पडले नाहीत. अंगण नुकतेच सारवलेले होते आणि शिडी फार आडवी लावली होती. पाय बाहेर घसरला. मी धरून असतो तरी बारा वर्षांच्या पोराला ते वजन आवरले असते का, देव जाणे. शिडी वरून दोरीने बांधली असती तर मी वरातीत नाचून आलो असतो तरी काही बिघडले नसते.

म्हणून वाचकहो, तुमच्या घरातली कौले असोत, गच्चीवरची पाण्याची टाकी असो की गंज, एवढे कराच. शिडी टेकते तिथवरची उंची मोजा. चार फुटाला एक फूट या हिशेबाने पाय भिंतीपासून लांब ठेवा. बारा फुटाला तीन फूट. माप घ्यायला वेळ नसेल तर शिडीच्या पायाला आपल्या पायाची बोटे लावून ताठ उभे राहा आणि हात खांद्याच्या रेषेत समोर धरा. तळवे पायरीवर आरामात टेकले, म्हणजे उतार बरोबर. त्याहून उभी असेल तर माणूस मागे पडतो, आडवी असेल तर पाय घसरतो. गच्चीवर जायचे असेल तर शिडी कठड्यावर तीन फूट निघू द्या, म्हणजे उतरताना धरायला आधार राहतो. वरचे टोक बांधा. चढताना-उतरताना तोंड शिडीकडेच असावे. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात सदैव टेकलेले असावेत. हत्यार हातात नको, दोरीने वर ओढून घ्या. बांबू किडलेला आहे का, काथ्या कुजला आहे का, हे वर्षातून एकदा बघा. लाकडी शिडीला रंग देऊ नका. रंगाखाली चीर झाकली जाते. जवसाचे तेल पाजा.

आणि शिडी धरायला पोराला उभे करू नका. त्याच्या अंगात तेवढे वजन नसते आणि काही झाले तर जन्मभराचा भार मात्र त्याच्यावर पडतो.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. चिखली-आंबेवाडीकडची माणसे माड्यांवर आणि गच्च्यांवर जाऊन बसली होती. अशा वेळी घरातली शिडी धड आहे की नाही, हे बघायला सवड नसते. ते आधीच बघून ठेवावे लागते.

त्या रात्री मी गोठ्यासमोर बाज टाकून झोपलो. मध्यरात्री तंबूची चेन वाजली. पोरगी झोपेतच उठली होती, तिचा बाप तिला धरून उतरवत होता. अंधारात तिचा इवलासा पाय पायरी शोधत होता. मी उठलो, बॅटरी लावली आणि शिडी दोन्ही हातांनी धरली. शिडी हलणार नव्हती, हे मला ठाऊक होते. तरी धरली.

"आजोबा, सोडू नका हं," ती म्हणाली.

"न्हाई सोडत बाळा," मी म्हटले.